दुमडीतली पट्टी

सदाशिव पेठ, पुणे
१७ जानेवारी २०१८

प्रिय प्रेमला,

‘प्रिय’ सवयीनं लिहून झालं. खोडणार होते, पण खाडाखोड केलेला कागद मला बघवत नाही, म्हणून राहू दिलं. सोमवारपासून तुला नऊ फोन केले. एकदा वाजून बंद झाला, बाकीच्या आठ वेळा एक गोड आवाजाची मुलगी मला थोड्या वेळाने प्रयत्न करायला सांगत होती. तिचं ऐकण्याइतका वेळ माझ्याकडे नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र पुरतं वाच. अर्धवट वाचून डोळ्यांना पदर लावू नकोस, ते मी एकवीस वर्षांत पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

आधी बातमी. वारज्याच्या वृद्धाश्रमातले आपले अडतीसही पडदे काल उतरवले. तू सोमवारी मधूनच निघून गेलीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. आता खिडक्या उघड्या आहेत. सकाळचं ऊन थेट पलंगांवर येतं आणि ज्यांना कूस बदलता येत नाही ते डोळ्यांवर हात घेऊन पडून राहतात. सुनीतीताईंनी काही खिडक्यांना जुन्या चादरी बांधायला काढल्या होत्या, त्याही मी बांधू दिल्या नाहीत. आश्रम चालवणाऱ्या बाईला तिच्याच आश्रमात ‘हे करू नका’ सांगण्याचा अधिकार मला आता कोणी दिला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे कापड मी किती दिवस निवडत होते, ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. सुती कापड औषधात बुडवून आगीला अडवणारं करतात, ते स्वस्त आणि दिसायला सुरेख, पण आश्रमातले पडदे दर पंधरवड्याला धुवावे लागतात. चार धुण्यांत औषध गटारात आणि पडदा पुन्हा नुसतं सूत. म्हणून मी हट्टानं दुसरं मागवलं, ज्याच्या धाग्यातच तो गुण असतो, कितीही धुवा. सुनीतीताईंना मधाचा रंग हवा होता. त्या रंगासाठी मी चार कंपन्यांना पत्रं लिहिली, चौथीकडून नमुना आला, मी तो हातात घेऊन खिडकीशी नेला आणि तुला म्हटलं, प्रेमला, हेच. तू म्हणालीस, “ताई, सोन्यावाणी हाय.” तेव्हा आपण दोघी किती खूश होतो गं!

आणि मग मुक्ताबाई. एकोणनव्वद वर्षांच्या बाईला आश्रमाने सगळं सोडायला लावलं होतं, घर, भांडी, अंगण. खिडकीच्या फळीवर एक बाळकृष्ण आणि संध्याकाळचं निरांजन एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. नियमावर बोट ठेवून सुनीतीताई तेही बंद करायला निघाल्या होत्या. नियम बरोबरच होता. तरी मी सगळ्यांसमोर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, लावू द्या त्यांना दिवा, माझा पडदा पेट घेणार नाही. ‘माझा पडदा’ म्हणाले मी. तू शेजारी उभी होतीस, हातात मोजपट्टी होती. मुक्ताबाईंनी माझा हात धरून कपाळाला लावला होता, आणि तू मान हलवलीस. तुला तेव्हा माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. पण पडदे लावताना माहीत होतं. पाच डिसेंबरला तू ते लावलेस आणि सोमवारपर्यंत एकेचाळीस संध्याकाळी ती बाई त्या कापडापासून वीतभर अंतरावर दिवा लावून डोळे मिटून बसत होती. तुला झोप कशी आली?

तू पहिल्यांदा आलीस ते साल शहाण्णव. मी शिंप्याच्या दुकानात चिठ्ठी लावली होती, ‘पडदे शिवणारी हवी, गप्पा मारणारी नको’. तुझ्या मच्छिंद्ररावांनी स्कूटरच्या मागे मशीन बांधून तुला बिबवेवाडीहून आणलं आणि पहिल्याच दिवशी तू सलग तीन तास बोललीस. मी ठेवून घेतलं, कारण तुझी शिवण सरळ होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या बाईला सरळ रेघेचं फार कौतुक असतं. कामाची वाटणी तेव्हाच ठरली. कापड मी निवडायचं, मी जाळून बघायचं, दाखल्यावर सही मी करायची. कापायचं, शिवायचं, टांगायचं तू. प्रत्येक ताग्याची दोन बोटं रुंद पट्टी चिमट्यात धरायची, खालून काडी लावायची, बारा मोजायचे, काडी काढायची. कापड आपणहून विझलं तर घ्यायचं, जळत राहिलं किंवा पेटते थेंब गळले तर तागा परत. आणि प्रत्येक पडद्याच्या खालच्या दुमडीत तसलीच एक जादा पट्टी आत शिवून ठेवायची, म्हणजे पुढे कधी कुणाला शंका आली तर पडदा न बिघडवता ती काढून जाळता यावी. ही पट्टी पुण्यात दुसरं कुणी ठेवत असेल असं मला वाटत नाही. ती कल्पना तुझी होती. मी ती लोकांना सांगताना दर वेळी तुझं नाव घेतलं आहे.

माझं हे जाळण्याचं वेड कुठून आलं तेही तुला सांगायला नको. चौऱ्याऐंशी साली लग्नाच्या कार्यालयात भटारखान्यापुढचा नायलॉनचा पडदा पेटला आणि तो ओढून काढायला माझी आई धावली. दोन्ही हातांवर वितळलेले थेंब चिकटले ते कायमचे. ती माझ्याकडे असताना रोज दुपारी मशीन थांबवून तिच्या हातांना खोबरेल लावायचीस तू. मी कधी सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा माझ्यापेक्षा तू जास्त रडलीस आणि मला तुझा हेवा वाटला होता. जळतं कापड कातडीला कसं चिकटतं ते तुझ्या बोटांना ठाऊक होतं, प्रेमला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी म्हटलं असतं, अडाणी आहे, जाऊ दे. तुला अडाणी कशी म्हणू?

दोन वर्षांपूर्वी मला दमा जडला आणि डॉक्टरांनी धूर वर्ज्य केला. तू म्हणालीस, “ताई, तुम्ही नका जाळू. मी जाळते, बारा मोजते, तुम्हाला पट्टी आणून दावते.” तेव्हापासून तू पट्ट्या आणत गेलीस, मी त्या वहीत चिकटवत गेले आणि खाली सही करत गेले. माझी चूक इथे आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही. जे स्वतः पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही, हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. पण तू म्हणजे मीच, असं समजून चालले होते. पडदे लावायच्या दिवशीसुद्धा कापडाला एकदा हात लावला असता तर बोटांना फरक कळला असता. मी कापडाकडे बघतच नव्हते. तू स्टुलावर चढली होतीस आणि स्टूल डुगडुगत होतं, माझं सगळं लक्ष तू पडू नयेस याच्याकडे.

रविवारी संक्रांतीला तू आलीस, माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवलास. सोमवारी अग्निशमनचे अधिकारी तपासणीला येणार हे तुला ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तू मात्र माझ्या इनहेलरची चौकशी केलीस.

सोमवारी त्या साहेबांनी कागद बघितले आणि म्हणाले, एखादा तुकडा मिळेल का? मी अशी काही हसले, की जणू याच प्रश्नाची वाट बघत होते. कात्री काढली, मुक्ताबाईंच्या खिडकीच्या पडद्याची दुमड उसवली. आत काही नव्हतं. दुसऱ्या पडद्याची उसवली, तिथेही नाही. तुझ्याकडे पाहिलं तर तू फरशीकडे बघत होतीस. तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला वाटलं, घाईत विसरली असशील. शेवटी पडद्याचाच काठ कापून दिला. त्यांच्या माणसाने अंगणात तो चिमट्यात धरला, खालून काडी लावली. नाकाला ओला रुमाल लावून मी मोठ्याने मोजायला लागले. चार म्हणेपर्यंत ज्योत त्याच्या चिमट्यापाशी पोचली आणि फरशीवर पेटते थेंब टपटप पडायला लागले. मी पाच म्हटलंच नाही. विश्वस्त शरच्चंद्रराव, ज्यांनी माझ्या शब्दावर दुसऱ्या कुणाची चौकशीसुद्धा केली नव्हती, ते एवढंच म्हणाले, “श्यामलाताई, आपली सही आहे ना यावर?” आणि मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. “कापड ताई निवडत्यात. मी निस्ती शिवते.”

तुझं ते वाक्य मला तीन दिवस ऐकू येतंय. वाक्य खोटं नाही, हीच तर त्याची गंमत. एकवीस वर्षांत आपण ज्याला ‘आपलं काम’ म्हणत होतो त्याचे तू एका दमात दोन तुकडे केलेस, आणि पेटता तुकडा माझ्या हातात दिलास. मग पर्स उचललीस आणि गेलीस.

घरी आल्यावर मी वही काढली. आश्रमाची पट्टी काळजीपूर्वक जळलेली, काठ काळा आणि कडक, एकही थेंब नाही. मग कपाटातून तो मधाच्या रंगाचा नमुना काढला. त्याच्या मागच्या कोपऱ्यातून दोन बोटं कापड गेलं होतं आणि कापल्या जागी तुझ्या दातेरी कात्रीची नक्षी होती. म्हणजे तू माझं कपाट उघडलंस, माझ्या चांगल्या कापडाचा तुकडा काढलास, तो नीट बारा मोजून जाळलास आणि मला आणून दिलास. घाईत चूक होते, मी समजू शकते. हे घाईचं काम नाही. बसून, मन लावून केलेलं आहे.

काल मच्छिंद्ररावांनी फोन उचलला. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, “ताई, तागा आलाच न्हवता. कंपनीवाल्यानं आजून तीन हप्ते सांगितले. हिनं सुनीतीबाईंना तारीख देऊन ठिवलेली. मंग बाजारातनं त्याच रंगाचं उचललं. म्हनली, ताईंचा दमा वाढलाय, त्यांना कशाला तरास.” त्रास नको म्हणून! किती गं काळजी तुला माझी. तीन आठवडे उशीर होईल, एवढं सुनीतीताईंना सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. त्या थोड्या कुरकुरल्या असत्या, झालं. तुला तेवढीही लाज सोसवेना, म्हणून तू मुक्ताबाईंना दिव्यापुढे बसवलंस.

मी खूप दुखावले आहे. इथे विनोद सुचत नाही, म्हणून सरळ लिहिते. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, एकटी पडलीस. मी मनात म्हणायचे, प्रेमला आहे की. परवा अंगणात मला पहिल्यांदा एकटं वाटलं.

विश्वस्तांना उद्या लेखी खुलासा द्यायचा आहे. सही माझी, कापड जाळलं नाही ते मी, आणि पट्टी आणली ती तू, असं तिन्ही लिहिणार आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. खुलासा लिहायला वही पुन्हा चाळली. दोन वर्षांत तू आणलेल्या आणखी सहा ठिकाणांच्या पट्ट्या त्यात आहेत, सगळ्यांचे काठ दातेरी. त्या ताग्यातल्या आहेत की माझ्या कपाटातल्या, मला सांगता येत नाही. एकेका सभागृहाला चार-चार तागे लागलेत, एखादी दुमड उसवून सगळे कळणार नाहीत. कुठला पडदा कुठल्या कापडाचा, हे फक्त शिवणारीला ठाऊक असतं. पहिलं नाव इथल्या शाळेच्या रंगमंचाचं आहे आणि तिथे शनिवारी स्नेहसंमेलन आहे, अडीचशे मुलं, पडद्याला टेकून पाळीची वाट बघणारी. मुख्याध्यापिकाबाईंकडे मी दुपारी जातेय. त्यांना ‘कदाचित’ असं सांगू? सहाही नावं या कागदाच्या मागे लिहिली आहेत. जिथे कापड बदललंस, त्या नावापुढे फुली मार. माफी नंतर माग, नाहीतर मागूही नकोस. बजरंगभाऊ रिक्षा घेऊन तुझ्या दारात थांबले आहेत, कागद त्यांच्याच हाती परत दे. मनातून मला एकही फुली नको आहे, देवाशपथ. पण कोरा कागद आला, तरी मी कात्री घेऊन सहाही ठिकाणी जाणार, आणि एकूणएक पडदा उसवणार. तुझ्या हातचं काहीही आता न उसवता मला खरं वाटणार नाही.

अजून तरी तुझीच,
श्यामला