प्रवरेकाठच्या मातीच्या बैलाविषयी

मी, शोभना श्रीनाथ पेठे, वय वर्षे ६८, निवृत्त इतिहास शिक्षिका, मूळ राहणार सातारा, सध्या मुक्काम मुलगा जयंत याच्याकडे, गेर्लिंगेन, जर्मनी, हे मृत्युपत्र कुणीही न सांगता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर हलले आहे, बुद्धी जागेवर आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा मला पुढची हकिकत ठाऊक नव्हती.

१. दागिने सून मीनल हिला. पाटल्या मोडू नयेत. पुस्तके नात शमिका हिला. तिला मराठी वाचता येत नाही, तरी तिलाच.

२. माझ्या कपाटात बोटभर लांबीचा, भाजलेल्या मातीचा बैल आहे. तो विकत घेतला असे मी घरात सांगत आले. ते खोटे आहे. जानेवारी १९७६ मध्ये सातवीची मुले घेऊन मी प्रवरेकाठचे एक उत्खनन पाहायला गेले होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुली, धान्याच्या कणग्या मुलांना दाखवल्या आणि निघताना सापडलेल्या वस्तूंच्या टोपलीतला बैल पर्समध्ये टाकला. वर्गात दाखवायला, असे मनाला सांगितले. पुढे वीस वर्षे दाखवलाही.

यंदा शमिकाला शाळेत प्राचीन संस्कृती आहेत. ती बैल घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "आजी, वोहेर? कुठला हा?" त्यांच्या शिक्षिका फ्राऊ केलर म्हणाल्या होत्या की सापडल्याची जागा आणि जमिनीतला थर माहीत नसेल तर ही नुसती माती आहे. मी इतिहास शिकवला आणि हे मला एका मुलीने सांगावे लागले.

लाजून मी चौकशी केली. पुण्याच्या एका निवृत्त संशोधकांनी उत्खननाच्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत पाठवली. "मातीचा बैल, एक, गहाळ. पहारेकरी राजाभाऊ यास संशयावरून कामावरून काढले." पान हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते. शेजारी दूध उतू जाऊन जळले. मीनलने येऊन शेगडी बंद केली तेव्हा मला कळले.

राजाभाऊ मला आठवतात. मुलांना रांजणातले पाणी त्यांनीच दिले होते.

ते आता नाहीत. त्यांची मुलगी यमुना हिला मी फोन केला, बैल माझ्याकडे आहे हे सांगितले. ती म्हणाली, "बाई, अण्णा जाईपर्यंत म्हणायचे, शाळेच्या बाईंना विचारा. त्या तिथं होत्या, त्या खरं सांगतील."

माझ्याकडे कधी कुणी विचारायला आले नाही. मीही तिकडे पुन्हा फिरकले नव्हते. यमुनेने माफ केले नाही. मी आग्रह धरला नाही.

३. साताऱ्याचे माझ्या मालकीचे घर यमुनेला. ती नको म्हणाली आहे, तरी तिच्याच नावे लिहिते. जयंत, तू म्हणालास, बैल निनावी पार्सलने पाठव, या वयात नाव कशाला खराब करतेस. तू माझ्या काळजीने बोललास हे मला समजते. पण घराबाबत हरकत घेऊ नकोस.

४. बैल कुणाही वारसाचा नाही. डिसेंबरात जयंत आणि मी तो पुण्याला, ती नोंदवही आहे तिथे, परत करणार आहोत. तोवर मी नसले तर जयंतने शमिकाला बरोबर न्यावे, आणि त्या नोंदीखाली तारखेसह लिहून घ्यावे: "बैल शोभना पेठे यांनी नेला होता. राजाभाऊ निर्दोष." यमुनेने एवढेच मागितले आहे. इतिहास कशासाठी शिकायचा, असे मुले दर जूनमध्ये विचारत. मी परीक्षेत येणारे उत्तर देत असे.

इथल्या कायद्याला माझे हस्ताक्षर पुरते. घर भारतात आहे म्हणून दोन साक्षीदार घेतले. दोघांना सगळे वाचून दाखवले. ऊर्मिलाने मधेच थांबवून विचारले, "काकू, हे नक्की असंच ठेवायचं?" मी हो म्हटले. एक प्रत आजच टपालाने यमुनेला गेली आहे. तिने ती मी जिवंत असताना वाचावी.

सही: शोभना श्रीनाथ पेठे
साक्षीदार: १. नागेश वर्तक २. ऊर्मिला वर्तक (शेजारी)
गेर्लिंगेन, १४ ऑक्टोबर २००७