आभार शेवटी मानतात

ता. मुळशी,
४ नोव्हेंबर २०२४

चि. नम्रता हिस,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद, वि. वि.

स्वेटर मिळाला. आभार. फोन करत जाऊ नकोस, माझ्या कानांना आता फक्त चर्चची घंटा ऐकू येते, आणि तीही हे गेल्यापासून कोणी नीट वाजवत नाही.

चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी शेखर दोनदा येऊन माझी खोली मोजून गेले. हिंजवडीच्या कंपनीतली दोन मुलं भाड्याने यायला तयार आहेत म्हणे. मला तोंडावर कोणी काही म्हणत नाही. खोली मिळाली ती यांच्या झाडलोटीच्या नोकरीमुळे. यांना जाऊन वर्ष झालं, पण चर्च अजून मीच झाडते. अठ्ठावीस वर्षांत मी दुसरीकडे कुठे झोपलेली नाही. काय करू ते कळव.

तुझा लोभ आहे म्हणून विचारते.

तुझी आक्का


महाळुंगे,
८ नोव्हेंबर

ती. आक्का हिस,
सा. सलाम वि. वि.

स्वेटरचे आभार कसले मानतेस? सख्ख्या बहिणींत आभार कधीपासून सुरू झाले? मला परकी करू नकोस. दहावीचं वर्ष मी त्याच खोलीत काढलं, तुझ्या ताटात जेवले, तेव्हा मी मानले होते का आभार?

सतरा तारखेला उपकारस्तुतीचा रविवार आहे, नवं पीक वेदीपाशी ठेवून सगळे देवाचे आभार मानतीलच. साक्ष द्यायला उभी राहा आणि खोलीचं नाव घेऊन मंडळीचे आभार मान. सगळ्यांच्या देखत आभार मानलेल्या बाईला बाहेर काढायचा शेखररावांना धीर होणार नाही. आणि काढलंच, तर मी काय मेले आहे?

माझ्या लोभाला कधी खंड पडायचा नाही.

तुझी नमू


ता. मुळशी,
१८ नोव्हेंबर

चि. नमूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. भाताची पेंढी बांधून वेदीपाशी ठेवली, हे मारत तशी दुहेरी गाठ मारून. रंभाबाईंचा लाल भोपळा तिच्यावर लवंडला. सगळे हसले, मीही हसले. मग उभी राहिले. म्हटलं, या खोलीने मला अठ्ठावीस वर्षं सांभाळलं, मंडळीने सांभाळलं, मी सर्वांची आभारी आहे.

त्यावर शेखर उठून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही, पण टाळ्या वाजताना दिसल्या. बायकांनी डोळे पुसले. एवढं मनाला लागण्यासारखं मी काय बोलले कोण जाणे.

भक्तीनंतर महिला मंडळाने मला बॅग भेट दिली. रंभाबाई कानाशी तोंड आणून म्हणाल्या, “चाकं हायेत हिला. तुमाला उचलायला लागायची न्हाई.” मी कुठे निघाले आहे? पण बॅग चांगली आहे, गोधड्या ठेवीन.

आहे तो लोभ जप.

तुझी आक्का


ता. मुळशी,
२५ नोव्हेंबर

चि. नमूस आशीर्वाद.

काल चर्चच्या दाराशेजारचा फळा वाचला. याच फळ्यावर गीतांचे आकडे लावायचे आणि पुस्तकात ती गीतं शोधायची, असं करत मी एकटीने वाचायला शिकले. त्यावर लिहिलं आहे:

“श्रीमती हेमलता जयवंत भालेराव यांनी उपकारस्तुतीच्या भक्तीत मंडळीचे आभार मानून निरोप घेतला. त्यांची खोली १५ डिसेंबरला रिकामी होईल. त्यांच्या त्यागाबद्दल देवाला धन्यवाद.”

दोनदा वाचलं. वाटलं, माझंच वाचण्यात चुकलं असेल. शेखरना विचारलं. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी कागदावर लिहून दिलं, “बाई, आभार शेवटी मानतात.” खाली सहीसुद्धा केली. पाळकसाहेबांकडे गेले. देवासमोर मानलेले आभार मागे घेता येत नाहीत, असं ते म्हणाले असावेत. ओठांवरून तेवढंच कळलं.

पंधरा तारखेला तुझ्याकडे येते. स्वयंपाकघरात पथारी टाकलीस तरी चालेल.

तुझी आक्का


महाळुंगे,
२९ नोव्हेंबर

ती. आक्का हिस,
सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले. हेही म्हणाले, फार वाईट झालं.

पण आमच्या दिशाची यंदा दहावी आहे. घरात एक माणूस वाढलं की तिचं लक्ष उडतं, आणि तुझ्याशी ओरडून बोलावं लागतं. नगर रोडला एक चांगला वृद्धाश्रम आहे, अंगण मोठं आहे. फॉर्म सोबत पाठवते. तिथे मागे कोणी नसलेल्यांनाच घेतात, म्हणून नातेवाइकांच्या रकान्यात माझं नाव लिहू नकोस. तुझ्याच भल्याचं सांगते. तुझं मन मोठं आहे.

लोभ आहेच, तो वेगळा मागत नाही.

तुझी नमू


ता. मुळशी,
३ डिसेंबर

सौ. नम्रताताई यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र आणि फॉर्म मिळाला. फॉर्म भरला. नातेवाइकांच्या रकान्यात आपण सांगितल्याप्रमाणे ‘कोणी नाही’ असं लिहिलं. ते खोटं ठरू नये म्हणून हे पत्र.

दहावीच्या वर्षी आपण खोलीच्या भिंतीवर पेन्सिलने सोडवलेली गणितं अजून दिसतात. नव्या मुलांसाठी रंग देणार आहेत, त्यात जातील. दिशाला चांगले गुण मिळोत.

स्वेटर आणि सल्ला, दोन्हींबद्दल आपले मनापासून आभार.

आपली,
श्रीमती हेमलता जयवंत भालेराव