सरळ बोट

३ डिसेंबर
आलो बाई एकदाचे! गडहिंग्लजहून एसटीनं, मांडीवर अकरा महिन्यांची पिऊ, डोक्यावर गादी आणि नवऱ्याच्या, ऋतुराजच्या, तोंडात सारखं 'सांभाळून, सांभाळून'. कळंब्याचं हे घर झुंबरबाईंचं. खाली त्या, वर आम्ही आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोल्डफिशची पिल्लं. त्यांच्या मुलाचं, अमरसिंहचं, शाहूपुरीत माशांचं दुकान आहे. त्याच्यासाठी पिल्लं मी वाढवायची आणि वरच्या दोन खोल्या वापरायच्या. सासूबाई म्हणायच्या, बीएस्सी करून काय माशा मारणार? माशा नाही, मासे सांभाळणार म्हणावं!

झुंबरबाई साठीच्या असतील. आवाज असा खणखणीत की पिऊ आधी दचकली, मग खुदकन हसली. पावणं, लाजायचं न्हाय, म्हणत तीन-तीनदा वाढलं. वाढलं सगळं डाव्या हातानं. उजवा पदरात होता. मला जरा खटकलं, पण भूक लागली होती.

५ डिसेंबर
काम आवडलं. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक, चिमूटभर, दिवसातून चार वेळा. खातील तेवढी घाण, आणि घाणीतून पाण्यात अमोनिया. पिल्लं वाढली की तोही वाढतो आणि गुपचूप मारतो. म्हणून रोज नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं की धावपळ. पिंपात दिवसभर ठेवलेलं पाणीच बदलायला घ्यायचं, आणि स्पंज कधीच नळाखाली धुवायचा नाही. अमोनिया खाणारे जंतू त्यातच असतात, क्लोरिननं मरतात बिचारे.

पिऊ काचेला नाक लावून बसते. मी बोट ठेवून शिकवते, हा मासा, हे पिऊचं नाक, हे डोळे. आता तीही इवलंसं बोट काढायला लागलीय. लबाड!

७ डिसेंबर
तीन नंबरच्या टाकीत अमरसिंहनं दिलेल्या त्रेसष्ट पिल्लांची दाटी झाली होती, म्हणून बरीचशी चार नंबरमध्ये हलवायला घेतली. दहा-दहा वाडग्यात घ्यायची, एकेकावर बोट ठेवून मोजायची आणि सोडायची. चाळीस झाली तेवढ्यात झुंबरबाई आल्या आणि माझा हातच धरला. माझं बोट दुमडलं आणि कडाडल्या, कोवळ्या जिवाला सरळ बोट दावायचं न्हाय, कुजतंय.

आमच्याकडंही म्हणतात हे, वेलीवरच्या दोडक्याबद्दल. आजी दुमडलेल्या बोटानंच दाखवायची. पण मासे म्हणजे काय दोडके आहेत? मी हसून म्हटलं, सरळ बोटानं तूपच तेवढं निघत नाही. त्या हसल्या नाहीत. पदर सरकला होता. त्यांच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोटच नाही. विचारलं तर म्हणाल्या, कडबा कापायच्या यंत्रात गेलं.

उरलेली तेवीस बोट न लावता तीनमध्येच ठेवली. म्हातारीचा मान राखला.

१० डिसेंबर
चार नंबरचं पाणी हिरवं. तीन पिल्लं मेली. टाकी नवी आहे, असं होतं. पण तीनमधला निम्मा स्पंज मी त्यात घातला होता की! तिसरा हिस्सा पाणी बदललं, खाणं निम्म्यावर आणलं.

संध्याकाळी झुंबरबाई चारपाशी उभ्या होत्या. मला बघून निघून गेल्या. हातात काही होतं का?

१२ डिसेंबर
अजून नऊ मेली. आज सगळ्यांना उपास. तरी पाणी कालच्यापेक्षा हिरवं. न खाता इतका अमोनिया येतोच कसा? कोणीतरी खायला टाकतंय. आणि कोण टाकणार? आपलं म्हणणं खरं करायला म्हातारी माणसं काहीही करतात. चार नंबरवर फळी ठेवून कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली. ऋतुराज म्हणाला, तू पोलिसात भरती व्हायला हवी होतीस.

१४ डिसेंबर
कुलूप जसंच्या तसं. पाणी गर्द हिरवं. चारमध्ये आठ उरली. तीनमध्ये तेवीसच्या तेवीस, आणि पाणी लख्ख पिवळं. पिंप तेच, स्पंज तोच.

झुंबरबाईंनी जिन्यात अडवून विचारलं, पोरीला बोट दावतीस काय? मी फटकन म्हटलं, माझी पोर आहे, काहीही दाखवीन. त्या पिऊकडं बघत राहिल्या. मला ती नजर आवडली नाही. आता पिऊला खाली सोडत नाही.

१६ डिसेंबर
चार नंबर रिकामी झाली. मेलेली मोजली. चाळीस. ज्यांच्यावर बोट ठेवलं तेवढीच, एक कमी नाही, एक जास्त नाही.

पिऊच्या टाळूला वास येतोय. चार नंबरसारखा. तेल लावून दोनदा न्हाऊ घातलं. दूध पीत नाही.

१७ डिसेंबर
अमरसिंह टाक्या बघायला आला होता. झुंबरबाईंच्या बोटाचं सहज विचारलं. म्हणाला, आमच्याकडं कडब्याचं यंत्र कधीच नव्हतं. त्याच्या आधी एक बहीण होती, वर्षाची होऊन गेली. तो झाल्यावर आईनं स्वतःच विळीवर —

सांगताना चहा पीत होता. जुनी गोष्ट आहे म्हणाला.

झुंबरबाईंकडं गेले. त्यांचा आवाज पहिल्यांदा इतका हळू ऐकला. पहिल्या लेकीला त्या रोज बोटानं नाक-डोळे दाखवायच्या. माझ्यासारख्याच. मग नकळत अमरसिंहलाही दाखवलं, त्याच्याही टाळूला वास सुरू झाला; बोट गेल्यावर थांबला म्हणे.

मी यांच्यावर संशय घेऊन कुलूप लावलं. यांच्यावर!

१८ डिसेंबर, सकाळ
बादलीतल्या पाण्याची चाचणी — पिवळं.
पिऊला न्हाऊ घातल्यावर टबातल्या पाण्याची — हिरवं.
शू केली असेल. नवं पाणी घेतलं, तिला पुसून नुसतं बसवलं, दोन मिनिटं.
हिरवं. गर्द.

दुपार
डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. वजन पाव किलोनं कमी आहे, दात येताना होतं. ऋतुराज म्हणतो मला झोप हवीय. टाळूचा वास दोघांनाही घ्यायला लावला. घेतात आणि म्हणतात, येत नाही.

जिन्याच्या पायरीवर धुतलेली विळी. शेजारी वाटीत हळद. झुंबरबाई ठेवून खाली निघून गेल्या.

१९ डिसेंबर
ऋतुराज कामावर गेला. पिऊला खाली झुंबरबाईंपाशी दिलंय. आज स्वतःहून दिलंय.

घाबरलेय. खूप घाबरलेय. पण माझी पोर आहे. एक बोट म्हणजे काय, दहाही देईन. डाव्या हातानं 'पिऊ' लिहून बघितलं. वाकडं आलं, पण वाचता येतं. फडकं घेतलं, हळद घेतली. विळी —

झुंबरबाई हाका मारताहेत. ओरडताहेत, हातातनं निसटली, पोरीला धर, आधी पोरीला धर —

जिन्यातून पिऊ दिसतेय. त्यांच्या कपाटाच्या आरशासमोर उभी आहे. हसतेय. मी शिकवलं तसं — नाक — डोळे — आरशातल्या स्वतःला — इवलंसं, सरळ —

पिऊ, नको, बोट खाली —