नात्यातलं घर

१२ जानेवारी, चिखली
वैशू, सर्दी गेली का? जावईबापूंची पाठ? चिनूचा दात पडला की लटकतोच आहे? सासूबाईंना सोसते का दिल्लीची थंडी? फोनवर तू घाईत असतेस, म्हणून इथं वहीतच विचारून घेते. इकडं ह्यांचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत. माझं ठीक.

१४ जानेवारी
संक्रांत. वै.चा फोन. पुण्याला, इथून तासाभरावर, अर्थशास्त्र शिकवायची जागा देऊ केलीय, महिनाअखेर कळवायचंय. दिल्लीत ती सरकारला कामगारांच्या धोरणावर सल्ला देते. म्हणाली, "आई, इथं माझ्या टिपणावरून एखादा नियम बदलतो. तिथं पोरं घडतील. तू सांग, काय करू?"
मी म्हटलं, "आमची काळजी करू नकोस. मजेत चाललंय आमचं."
फोन ठेवला. गुळाचा पाक करपला होता.

१९ जानेवारी
वै. येतेय! चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणाऱ्यांची पाहणी, त्यात आपली गल्लीसुद्धा. लेक येतेय म्हणावं की सरकार येतंय? धपाट्यांचं पीठ दळून आणलं.

२१ जानेवारी
पाहणीला गल्लीतलं दर पाचवं घर घ्यायचं होतं. नेमकं आमचं निघालं. वै.नं ते सोडलं नि शेजारच्या सुनंदाकडं शिरली. मी दारात उभी. सुनंदा गावठाणातली, जिभेला हाड नाही. "ताई, घरात किती जण जेवत्यात इचारतीस, अन् तुजी आई तिकडं धपाटं घिऊन हुबी हाय, त्ये न्हाई लिवत व्हय?" गल्ली हसली. वै.पण हसली, पण मान वर केली नाही.
चहापुरती घरी आली. ह्यांनी टोमणा मारलाच, "मॅडम, आम्ही काय माणसांत मोडत नाही का?"
"बाबा, नियम आहे. नात्यातल्या घरात उत्तरं गोड येतात."
खाली गाडी थांबलेली. धपाटे डब्यात घालून दिले, तिच्या माणसांसकट सगळ्यांना पुरतील एवढे.

२२ जानेवारी
गोड उत्तरं. दिवसभर तेच डोक्यात. मी काय वेगळं केलं संक्रांतीला?

२८ जानेवारी
हे म्हणतात, "पोरीच्या पायात दोरी घालू नकोस." खरंय. सुनंदाचा नवरा इतकी वर्षं कंत्राटावरच आहे. तशांचं वै.च्या हातून भलं होणार असेल तर मी कोण अडवणारी? पण तिनं विचारलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, विचारलं होतं.
दुपारी हे आडवे झाल्यावर मोबाईलवर एकेक अक्षर शोधत लिहिलं नि पाठवलं:
"वैशू, त्या दिवशी खोटं बोलले. मजेत नाही चाललं. संध्याकाळी शिफ्टच्या बसा सुटल्या की तुझी कॉलेजातून यायची वेळ होते, नि मी अजून दाराकडं बघते. तू यावीस असं फार वाटतं. पण तेवढ्यासाठी येऊ नकोस, तुझा जीव रमेल तिथंच राहा. काय ठरवतेस ते लवकर लिही गं. दोन ओळी का होईना."