निल्दाच्या पडद्यावर अडकणारे बाबा

आई,
मी कामावर निघालोय. तुझ्या तेरेरेच्या गार चहासाठी बर्फाचं पाणी थर्मासमध्ये भरलंय.

काल निल्दा स्पेनहून फोनवर चिडली होती, "देर्लिस, बाबा हार्प वाजवता वाजवता मध्येच अडकतात रे! आई ढग गडगडले की प्लग उपटते ना, म्हणूनच!"

उगाच तुझ्यावर आळ. बाबांचे व्हिडिओ ठेवलेला आपला घरचा जुना कॉम्प्युटर एकाच वेळी दोन फोनना एवढं मोठं चित्र पुरवताना दमत होता. दुसरा फोन तुझा निघाला. बाबा गेल्यापासून 'मला नाही बघवत' म्हणतेस ना? असू दे, तिला हे सांगितलं नाही.

तिच्यासाठी त्या व्हिडिओंची लहान, हलकी प्रत करून ठेवलीय. आज तिने लावलं की तूही लाव. बाबा दोघींसाठी शेवटपर्यंत वाजवतील.

देर्लिस