शिसं गेलं कुठे?

गोंदिया,
१८ नोव्हेंबर २००७

आदरणीय ताराचंद भाऊजींना रत्नपालचा सप्रेम जय भीम.

तुम्ही, अल्काताई आणि पोरं अर्जुनी मोरगावला सुखरूप पोचलात हे फोनवरून कळलं. (त्यानंतर तुमचा मोबाइल लागतच नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतोय.) तुमची कंबर कशी आहे? इकडे आईचे गुडघे दुखून राहिलेत, आणि माझी पीएचडी अगदी हाताशी आली आहे. त्यात शंका नको.

कशी, ते सांगतो. शहराबाहेरच्या एका बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, जुन्या बॅटऱ्या धुतात, त्यामुळे पाण्यात शिसं उतरतं. ते पाणी मी अंगणातल्या दोन टबांत भरून त्यात लेम्ना सोडली. लेम्ना म्हणजे पाण्यावर तरंगणारी, टिकलीपेक्षा लहान हिरवी पानं. (तुम्ही शेवाळ म्हणालात. सगळेच म्हणतात. आमच्या सरांसमोर म्हणू नका.) ही एवढीशी वनस्पती पाण्यातलं शिसं ओढून आपल्या अंगात साठवते. पाण्यातलं शिसं निम्म्याहून खाली आलं, तसा प्रयोगशाळेचा अहवालच आहे. पण सर भलते चिकित्सक. म्हणाले, पाण्यातून गेलं हे मान्य, पण गेलं कुठे? टबाच्या तळाशी बसलं असेल तर? पानं वाळवून त्यांत शिसं दाखव, नाहीतर माझी सही विसर. आणि माझ्या नोंदणीची मुदत या महिनाअखेर संपते.

पानं दाखवणं माझ्या डाव्या हातचा मळ होता, पण नेमके तुम्ही आलात. (तुमचं येणं आम्हाला आनंदाचंच, गैरसमज नको.) जावई येणार म्हटल्यावर आपल्याकडे अंगणाची काय गत होते, तुम्हाला ठाऊक आहे. मी कॉलेजात होतो. आईनं सारवण काढलं, टब पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "जावई येऊन राहिले, आन् या पोरानं दारात घाण कायले भरून ठेवली?" मग पाणी नालीत गेलं, टब घासून लख्ख झाले आणि माझं सगळं संशोधन आईच्या बदकापुढे पडलं. मी घरी आलो तेव्हा तुम्ही त्याच टबातल्या पाण्यानं पाय धूत होतात. मी हसून जय भीम केला खरा, पण मला रडू येत होतं.

सरांना हे सांगायला मला हिंमत गोळा करावी लागली. पण माणूस खरा शास्त्रज्ञ. चिडायचं सोडून म्हणाले, मग बदकाची कलेजी आण. शिसं तिथे सापडलं तर ते पानांतूनच गेलं असणार, बदक काही टबाचा तळ चाटत नव्हतं. मला तर हे जास्तच पटलं, प्रयोग एक पायरी वर चढला. आईची बाकीची दोन बदकं त्या दिवशी धानाच्या बांधीत चरायला गेली होती, त्यामुळे घोटाळ्याला जागाच नाही. सगळी लेम्ना एकट्या पांढऱ्या बदकानं खाल्ली. आता माझं सगळं त्याच्यावर आहे, आणि सोमवारी मी सरांची सही घेणारच.

अल्काताईला जय भीम, पोरांना गोड पापा.

तुमचा,
रत्नपाल

ता. क. पांढरं बदक म्हणजे निघताना आईनं तुमच्या पिशवीत घातलं तेच. (जावयाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून. मला विचारलं नाही.) कापलं नसेल तर कापू नका, जिवंत परत पाठवा. बदल्यात बांधीतली दोन्ही देतो.

ता. क. कापलं असेल तर कलेजी कोणी खाल्ली ते कळवा. पोरांना दिली नसेल ना, याची मला खरंच काळजी लागली आहे. तुम्ही खाल्ली असेल तर घाबरू नका, एका जेवणानं काही होत नाही असं सर म्हणतात. फक्त सोमवारी सकाळच्या गाडीनं उपाशीपोटी गोंदियाला या. मी सरांना विचारून ठेवलं आहे. बदक नसलं तर भाऊजींचं रक्तही चालेल, म्हणाले.