राबातली माती

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच आजेसासू झाले, तरी तुमच्याशी बोलताना पदर सावरते. मला अक्षर येत नाही. तुमचे धाकटे चिरंजीव लिहून घेतायत. त्यांना आधीच बजावलंय, मध्ये हसायचं नाही.

तो मातीवाला कारकून तुम्हाला आठवत असेल. आपल्या खाचरातली माती पुण्याला तपासायला धाडायची म्हणाला, तर तुम्ही जाऊन राबावर बसलात. पालापाचोळा, शेण जाळून रोपांसाठी भाजलेली ती काळी माती घेतलीत, वर सुपात घालून तांदळासारखे खडे निवडायला लागलात. मी म्हणाले, "आत्याबाई, खाचरातली मागितलीय." "गप गं. परक्याच्या हातात भिकार माती देऊ? आपली काय शोभा हाय का नाय?"

कागद आला. कारकुनानं अर्थ सांगितला: राखेचं सत्त्व भरपूर, चुना पुरेसा, यंदा खत नको. तुम्ही अख्ख्या कडाव गावात मिरवून आलात. सगळा उकिरडा काकडीच्या मांडवाला गेला, आणि खाचरात भात पिवळं पडून लोंब्या पोचट निघाल्या. खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही पुण्याच्या साहेबाला नावं ठेवत राहिलात. त्या सुपाची नक्कल करून मी पुढे किती लेकीसुनांना हसवलं, काय सांगू.

यंदा पुन्हा मातीवाला आला. म्हटलं, मी काही आत्याबाई नव्हे. खाचराच्या चारी कोपऱ्यांतली, मधली, जशी आहे तशी पांढुरकी माती पिशवीत भरली. त्यानं ती तळहातावर चोळली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाच्या शेताची हो, आजी?" आणि माझ्या तोंडून शेजारणीचं नाव निघालं.

आता कागद तिच्या घरी गेलाय. माती उपाशी आहे, चुना नाही, शेणखत भरपूर घाला. काल ती बांधावर भेटली. "काकी, माजं शेत उपाशी हाय म्हनं. येवढा शेजार आपला, तू कदी बोलली नाय गं?" मी म्हटलं, "मला गं काय ठावं?" आता ती चांगल्या भरल्या शेतात खत ओतणार, भात माजून आडवं लोळणार. माझ्या खाचरात मी खताची एक पाटी टाकली तरी विचारील, तुला कुणी सांगितलं. तिची खताची गाडी परवा जुंपायची आहे.

भाऊजी विचारतायत, हे धाडायचं कुठे? कुठेच नाही. तिच्या दारात जाऊन बोलायचं ते आधी तुमच्यापाशी बोलून बघितलं. तुम्हाला सांगता आलं, कारण तुम्ही उद्या बांधावर भेटणार नाही.